लानच्या काठानं: रिकामी पेटी, अपुरा मनोरा आणि रंगवलेलं कॅथेड्रल

जर्मनीतली नदी म्हटलं की आपल्याकडून येणारा पाहुणा ऱ्हाइनचं नाव घेतो. ऱ्हाइनमधली बोट, दोन्ही तीरांवरचे किल्ले, शंभरेक फोटो, झाली सहल. त्या ऱ्हाइनला उजव्या बाजूनं येऊन मिळणारी लान ही त्या मानानं छोटी नदी, सुमारे अडीचशे किलोमीटरची. तिच्या काठानं रेल्वे जाते, आणि त्या वाटेवर मारबुर्ग, वेत्झलार, लिम्बुर्ग अशी गावं आहेत. मध्ययुगातलं चर्च कसं उभं राहिलं, कुठं रखडलं आणि पुढच्या पिढ्यांनी त्याचं काय केलं, हे सगळं या एका खोऱ्यात बघायला मिळतं.

मे महिन्यात मामा आमच्याकडे फ्रँकफर्टला आले होते. मामा सावंतवाडीचे, पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले. ऱ्हाइनच्या किल्ल्यांचा बेत सांगितला तर म्हणाले, "किल्ले आपल्याकडे काय कमी आहेत? मला बांधकाम दाखव." मग लानशिवाय दुसरं काही सुचेना.

गुरुवार: मारबुर्ग

ईस्टर धरून चाळिसाव्या दिवशी, म्हणजे नेहमी गुरुवारीच, ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाची सुट्टी असते. जर्मनीत त्याच दिवशी 'फादर्स डे' साजरा होतो. साजरा होतो म्हणजे पुरुषांची टोळकी हातगाडीत बिअरच्या बाटल्या भरून रानावनात हिंडतात. गाडीत आमच्या डब्यातही अशी एक हातगाडी होती, आणि मामा तिच्या चाकांकडे बराच वेळ निरखून बघत होते.

मारबुर्ग डोंगरउतारावर वसलंय. वर लांडग्राफांचा, म्हणजे इथल्या संस्थानिकांचा, किल्ला आणि खाली नदीच्या सपाटीला संत एलिझाबेथचं चर्च. एवढं मोठं चर्च गावाबाहेर, खालच्या पाणथळ जागेत का, हा मामांचा पहिला प्रश्न. "पाया केवढा खाली न्यावा लागला असेल इथं!"

कारण एलिझाबेथचं हॉस्पिटल इथं होतं. हंगेरीच्या राजाची ही मुलगी, १२०७ सालची. लहानपणीच थुरिंगियाच्या राजघराण्यात दिली. नवरा लुडविग धर्मयुद्धाला निघाला आणि १२२७ मध्ये वाटेतच इटलीत तापानं गेला. पदरात तीन मुलं, वय वीस. तिनं मारबुर्गला येऊन आपल्या वाट्याच्या पैशातून गोरगरिबांसाठी हॉस्पिटल काढलं आणि स्वतः रोग्यांची सेवा केली. तिचा धर्मगुरू कोनराड हा भलताच कडक माणूस होता, तिला उपास आणि मार दोन्ही घडवायचा. १२३१ मध्ये, चोविसाव्या वर्षी ती गेली. चारच वर्षांत पोपनं तिला संत जाहीर केलं आणि त्याच वर्षी, १२३५ मध्ये, ट्युटॉनिक ऑर्डर या लढवय्या धर्मसंघानं तिच्या थडग्यावर चर्चचा पाया घातला. पुढच्या वर्षी तिच्या अस्थी समारंभानं हलवल्या तेव्हा सम्राट फ्रेडरिक दुसरा स्वतः अनवाणी हजर होता.

चर्च १२८३ मध्ये पवित्र करण्यात आलं, मनोरे मात्र १३४० च्या सुमाराला पुरे झाले. जर्मन मुलुखात नखशिखान्त गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या, शैलीत बांधलेल्या अगदी पहिल्या चर्चपैकी हे एक. आत शिरल्यावर जाणवतं ते असं, की मधला आणि बाजूचे दोन्ही पट्टे एकाच उंचीचे आहेत, त्यामुळे सगळी जागा एका प्रशस्त दालनासारखी मोकळी वाटते. पुढे गाभाऱ्याला तीन पाकळ्या. पूर्वेची पाकळी धर्मसंघाच्या वेदीसाठी, उत्तरेची एलिझाबेथच्या समाधीसाठी आणि दक्षिणेची तिच्या वंशातल्या लांडग्राफांच्या थडग्यांसाठी. संत, सैनिक आणि सत्ताधारी यांची इतकी स्वच्छ वाटणी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

मागच्या खोलीत जाळीपलीकडे तिच्या अस्थींसाठी केलेली सोनेरी पेटी ठेवलीय. एखाद्या छोट्या चर्चच्या आकाराची, छप्पर असलेली, चारी बाजूंना कमानींत बसवलेल्या मूर्ती, कडेनं खडे जडवलेले. जवळून बघितलं की कारागिराचा हात दिसतो; छपराच्या उतारावर एलिझाबेथच्या आयुष्यातले प्रसंग उठावात कोरलेत. आणि ही पेटी रिकामी आहे. १५३९ मध्ये लांडग्राफ फिलिपनं ती उघडवून अस्थी काढून नेल्या. फिलिप पोपविरुद्ध उभ्या राहिलेल्या धर्मसुधारक ल्यूथरच्या बाजूचा झाला होता, त्याला अस्थींच्या दर्शनाची ही यात्रा बंद करायची होती. गंमत म्हणजे तो एलिझाबेथचाच वंशज.

"म्हणजे रिकाम्या पेटीसाठी तिकीट काढलं आपण," मामा म्हणाले. पण सगळ्यात जास्त वेळ उभे राहिले तेही तिथेच.

बाहेर पडताना उत्तरेकडच्या मनोऱ्याखाली, जवळजवळ अंधारात, आणखी एक थडगं आहे. हिंडेनबुर्गचं. ज्यानं १९३३ मध्ये हिटलरला चान्सलर नेमलं तोच. युद्धाच्या शेवटी त्याची शवपेटी पूर्वेकडून हलवून मिठाच्या खाणीत लपवली होती, ती अमेरिकन सैनिकांना सापडली आणि १९४६ मध्ये इथं पुरली गेली. गरिबांच्या संतिणीच्या चर्चमध्ये फील्डमार्शल! लोक तिथं थांबत नाहीत, आम्हीही थांबलो नाही.

दुपारी वरच्या गावात. मारबुर्गला इतका चढ आहे की खालच्या रस्त्यावरून वरच्या गावात जायला सार्वजनिक लिफ्ट आहे, आणि मामांच्या गुडघ्यांनी तिला मनापासून दुवा दिला. टाउन हॉलवरचा यांत्रिक कोंबडा ताशी पंख फडफडवून आरवतो, ते बघायला चौकात गर्दी जमते. वर किल्ल्यात १५२९ मध्ये याच फिलिपनं ल्यूथर आणि स्वित्झर्लंडचा धर्मसुधारक झ्विंगली यांना समोरासमोर बसवलं होतं. पंधरा मुद्द्यांपैकी चौदांवर दोघांचं जमलं. पंधराव्यावर, म्हणजे प्रसादाच्या भाकरीत ख्रिस्ताचं शरीर खरोखर असतं की ती नुसती आठवण, यावर फाटलं ते फाटलंच. हे लक्षात ठेवावं, कारण दुसऱ्या दिवशीचं चर्च असल्याच एका फाटाफुटीचं अपत्य आहे.

शुक्रवार: वेत्झलार आणि वाइलबुर्ग

गुरुवारची सुट्टी आणि शनिवार-रविवार यांच्या मधला शुक्रवार म्हणजे निम्म्या जर्मनीची रजा. गाडीत सायकली इतक्या, की आम्ही दाराशीच उभे.

वेत्झलारच्या चर्चला सगळे 'डोम' म्हणजे कॅथेड्रल म्हणतात, पण इथं कधीच बिशप बसला नाही. समोरून बघाल तर वाटेल की काम कालच थांबलंय. डावीकडे मनोऱ्याचं नुसतं बूड, उजवीकडे तांबड्या वालुकाश्माचा पूर्ण चढलेला मनोरा. खरी मौज त्याच्या मागे आहे. तेराव्या शतकात जुनं रोमनेस्क, म्हणजे गोल कमानींचं, चर्च पाडत पाडत नवं गॉथिक चर्च बांधायला घेतलं, तेही पूर्वेकडून, म्हणजे पूजा चालू राहावी आणि मागून काम पुढे सरकावं. पश्चिमेच्या टोकाला नवी दर्शनी भिंत उभारली ती जुन्या भिंतीच्या पुढे काही अंतरावर. ती पुरी झाली की मागची जुनी पाडायची, असा हिशोब. चौदाव्या शतकात शहर कर्जात बुडालं आणि हिशोब तिथंच राहिला. त्यामुळे आज गॉथिक दरवाज्यातून आत गेलं की माणूस उघड्यावरच येतो, आणि समोर काळ्या बसाल्टचा जुना मनोरा त्याच्या दुहेरी कमानीच्या दारासकट उभा असतो.

मामा या दोन भिंतींच्या मध्ये जे रमले ते रमलेच. बसाल्ट म्हणजे आपला काळा पाषाण. त्याच्या सांध्यांवरून बोट फिरवत म्हणाले, "हा दगड घडवायला वैताग, पण टिकायला पक्का. ती तांबडी भिंत बघ, कोपरे कसे झिजलेत." मग वर त्या बुडक्या मनोऱ्याकडे बघून: "निधी संपला की काम असं दिसतं. तेव्हा मार्चएंड नव्हता एवढंच."

शिवाय हे चर्च दोघांचं आहे. धर्मसुधारणेच्या काळात गाव प्रोटेस्टंट झालं, पण चर्च चालवणारा कॅथलिक धर्मगुरूंचा मठ जागचा हलेना. शेवटी गाभारा कॅथलिकांचा आणि पुढचा भाग प्रोटेस्टंटांचा, अशी वाटणी झाली. आता सगळी इमारत दोघं मिळून वापरतात, वेळा ठरवून. दाराशी दोन वेगळी वेळापत्रकं लावलेली असतात. भावकीतल्या वाड्याला शोभेल अशी ही व्यवस्था शेकडो वर्षं टिकलीय, आणि मला तरी मारबुर्गच्या निर्दोष गॉथिकपेक्षा हे ओबडधोबड प्रकरण जास्त आवडलं.

वेत्झलारमध्ये पवित्र रोमन साम्राज्याचं सर्वोच्च न्यायालय होतं, १८०६ पर्यंत. दावे पिढ्यान्‌पिढ्या चालायचे. १७७२ च्या उन्हाळ्यात तिथं उमेदवारी करायला आलेला तरुण गटे कामापेक्षा शार्लोट बुफच्या प्रेमात जास्त गुंतला. ती दुसऱ्याची वाग्दत्त. त्यातून निघालेल्या कादंबरीनं त्याला दोन वर्षांत युरोपभर प्रसिद्ध केलं. शार्लोटचं घर बघता येतं. आणि जुन्या लोखंड-बाजाराच्या चौकात १९१४ च्या सुमाराला ओस्कार बार्नाकनं आपल्या नव्या छोट्या कॅमेऱ्यानं फोटो काढला होता. तोच पुढे लायका झाला. ते लाकडी चौकटीचं घर अजून आहे. मोबाइल काढून तोच कोन शोधणारी माणसंही आहेत.

वाइलबुर्गला उतरलो ते फक्त बोगदा बघायला. लान इथं डोंगराभोवती मोठा वळसा घेते, तो टाळायला १८४७ मध्ये डोंगरातून बोटींसाठी १९५ मीटरचा बोगदा काढला. पलीकडच्या तोंडाशी दोन हौद एकामागोमाग, पाणी खालीवर करायला. आता मालवाहतूक नाही, पण होड्या वल्हवणारी हौशी मंडळी आहेत आणि हौदाची झडप त्यांनी स्वतःच चाक फिरवून उघडायची असते. रांग लागली होती, आरडाओरडा चालला होता, एक होडी आडवी झाली. राजवाडा आणि त्याला जोडलेलं बरोक चर्च बाहेरूनच पाहिलं. अठराव्या शतकातल्या त्या एकाच इमारतीत चर्च आणि टाउन हॉल दोन्ही बसवलेत. रात्री लिम्बुर्गला मुक्काम.

शनिवार: लिम्बुर्ग

लिम्बुर्गचं कॅथेड्रल बघायची जागा म्हणजे खालचा जुना दगडी पूल. चौदाव्या शतकातला. कोलोन ते फ्रँकफर्ट हा व्यापाराचा रस्ता इथं नदी ओलांडायचा, आणि जकातीवर गाव गबर झालं. पुलावरून वर बघितलं की नदीतून सरळ उठलेला कातळ, आणि त्याच्या माथ्यावर सात मनोऱ्यांचं संत गेऑर्गचं कॅथेड्रल. पांढरं, विटकरी लाल, मधे पिवळसर पट्टे. जुन्या हजार मार्कांच्या नोटेवर मागच्या बाजूला हेच होतं.

मामांचा चेहरा पडला. "हे नवीन रंगवलंय? एवढं जुनं बांधकाम आणि त्याला हा असा पेंट?"

इथं जरा थांबायला हवं, कारण माझ्या मते लान खोऱ्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे. हे चर्च बाराव्या शतकाच्या शेवटी सुरू झालं आणि १२३५ मध्ये पवित्र झालं, म्हणजे मारबुर्गचा पाया घातला त्याच वर्षी. आणि ते पहिल्यापासून रंगीतच होतं. दगडाची ओबड भिंत, वर चुन्याचा गिलावा, त्यावर रंग. १८६६ मध्ये प्रशियानं हे गाव ज्यात होतं ते नासाऊचं राज्य खालसा केलं, आणि पुढच्या काही वर्षांत दुरुस्तीच्या नावाखाली बाहेरचा सगळा गिलावा खरवडून काढला. तेव्हाच्या रसिकांना मध्ययुग म्हणजे उघडा, रांगडा, काळवंडलेला दगड असंच हवं होतं. कातळावर कातळच उगवल्यासारखं दिसावं! शंभर वर्षं ते तसंच राहिलं. मग १९६८ ते १९७२ मध्ये, उरल्यासुरल्या गिलाव्यावर सापडलेल्या रंगाच्या खुणांवरून, पुन्हा गिलावा करून रंग दिला. म्हणजे ज्याला आपण 'नवीन' म्हणतो ते जुनं, आणि ज्याला 'अस्सल' समजून लोक हळहळतात ती एकोणिसाव्या शतकाची हौस.

मामा काही बोलले नाहीत. चहा पिताना एकदम म्हणाले, "अगं, बॉम जेजूचं तेच झालं ना."

अगदी तेच. जुन्या गोव्यात से कॅथेड्रल पांढरं, फ्रान्सिस ऑफ असिसीचं चर्च पांढरं, आणि बॉम जेजू बासिलिका तेवढी तांबडी, उघड्या जांभ्याची. पर्यटकांना वाटतं ती तशीच बांधली. १६०५ मध्ये पवित्र झालेल्या त्या चर्चलाही चुन्याचा गिलावा होता. तो १९५० च्या दशकात पोर्तुगीज अमलात, ते जुनं दिसावं म्हणून काढून टाकला. "जांभा पाणी पितो," मामा सांगू लागले. "गिलावा ही त्याची कातडी. ती सोलली, आणि वर कोकणातला पाऊस. आम्ही साधी कंपाउंडची भिंत जांभ्यात बांधली तरी वरनं झाकायचो." मग गिलावा पुन्हा करावा का, या गोव्यातल्या जुन्या वादावर त्यांचं अर्धा तास व्याख्यान झालं. इथल्या लोकांनी एकदा धीर करून रंगवलं आणि आता त्याशिवायचं चर्च कुणाला आठवतही नाही, हा मुद्दा त्यांना मनापासून पटला. रंग मात्र शेवटपर्यंत आवडला नाही.

आत चार मजली भिंत आहे. खाली कमानी, त्यावर सज्जा, त्यावर अरुंद कमानींची ओळ, सगळ्यात वर खिडक्या. गोल आणि टोकदार दोन्ही तऱ्हांच्या कमानी एकत्र दिसतात, रोमनेस्क संपून गॉथिक सुरू होताना पकडल्यासारखं. भिंतींवर तेराव्या शतकातली चित्रं बरीच शाबूत आहेत. एका जागी सॅमसन मुळासकट झाड उपटतोय. अंगाला पीळ, दोन्ही हातांत खोड, आणि चेहरा मात्र अगदी शांत.

कॅथेड्रलशेजारी बिशपचं निवासस्थान आहे. त्याचा खर्च सुमारे ३१ दशलक्ष युरोंवर गेल्यावर एवढा गहजब झाला की २०१४ मध्ये तेव्हाच्या बिशपला पद सोडावं लागलं. रस्त्यावरून विशेष काही दिसत नाही. आम्ही नेमका आकडा सांगितल्यावर मामांनी भिंतीवर हात ठेवून "फिनिशिंग चांगलं आहे" एवढाच शेरा दिला. जवळच्या धर्मप्रांताच्या संग्रहालयात ख्रिस्ताच्या क्रूसाचे अवशेष ठेवायची दहाव्या शतकातली बायझंटाइन पेटी आहे, मीनाकाम इतकं बारीक की भिंग हवं. ती १२०४ मध्ये धर्मयोद्ध्यांनी कॉन्स्टँटिनोपल लुटलं तेव्हा एका सरदारानं आणली. लूट म्हणजे लूटच, काचेच्या कपाटात ठेवली तरी.

खाली जुन्या गावात लाकडी चौकटींची घरं गल्लीत इतकी पुढे झुकलीत की वरच्या मजल्यावरून हस्तांदोलन करावं. त्यातलं एक १२८९ सालचं. जेवायला मामांनी धाडस करून हेसेमधलं प्रसिद्ध आंबट चीज मागवलं, व्हिनेगर, कच्चा कांदा आणि शहाजिरं घातलेलं. वास येताच ताट माझ्याकडे सरकवलं, पाव आणि कांदा तेवढा ठेवून घेतला.

संध्याकाळी नदीकाठानं वरच्या अंगाला डीटकिर्शेनपर्यंत चालत गेलो. वाटेत डोक्यावरून आधी ऑटोबानचा आणि मग वेगवान आयसीई गाड्यांचा असे दोन प्रचंड पूल जातात. पुढे वळणावर कातळाच्या टोकाशी संत लुबेंटियुसचं चर्च. दोन जाडजूड चौकोनी मनोरे, नक्षी जवळपास नाही, लिम्बुर्गहून जुनं. लुबेंटियुस मोझेल नदीकाठी कोबेर्नला वारला, अशी कथा सांगतात. तिथं त्याला पुरता येईना, म्हणून प्रेत होडीत ठेवून होडी सोडून दिली. ती मोझेलमधून ऱ्हाइनमध्ये आली आणि मग लानमध्ये वळून प्रवाहाच्या उलट वर चढत इथं येऊन थांबली. इंद्रायणीनं गाथा परत आणून दिल्याचं ऐकत वाढलेल्या आम्हाला यात खटकण्यासारखं काही वाटलं नाही.

रविवार: नदीबरोबर खाली

रविवारी सकाळी चर्च बघायला जाऊ नये. प्रार्थना चालू असते आणि दाराशी उभा असलेला माणूस गोड हसून परत पाठवतो. त्यामुळे सकाळची गाडी धरली. गिसेन ते कोब्लेन्झ हा मार्ग अजून डिझेलवरच चालतो. लिम्बुर्गच्या खाली खोरं अरुंद होतं. बोगदा, नदी, बोगदा, नदी. ओबर्नहोफजवळ डोंगरावर चार मनोऱ्यांचा आर्नश्टाइन मठ दिसतो. ११३९ मध्ये शेवटच्या काउंट लुडविगनं आपला किल्ला मोडून तिथं मठ केला आणि स्वतःही त्यात शिरला. पुढे डाउसेनाउ गावच्या जुन्या तटाचा बुरूज इतका कललाय की मामा जागेवरून उठले. "ओळंबा लावायची गरजच नाही!" पिसाच्या मनोऱ्यापेक्षाही हा जास्त कललेला आहे, फक्त जाहिरात झाली नाही.

बाड एम्सला उतरलो. गरम झऱ्यांचं गाव, २०२१ पासून युरोपातल्या मोठ्या आरोग्यनगरांबरोबर युनेस्कोच्या यादीत. श्रीमंत रशियन लोक इथं येत, म्हणून नदीकाठी १८७६ चं रशियन चर्चही आहे. पण शाळेत इतिहास शिकलेल्यांना गाव आठवतं ते तारेमुळे. १३ जुलै १८७० ला फ्रेंच राजदूत बेनेडेटीनं इथं फिरायला निघालेल्या प्रशियाच्या राजा विल्हेल्मला गाठलं आणि स्पेनच्या गादीवर तुमच्या घराण्यातला कुणी कधीही बसणार नाही अशी हमी मागितली. राजानं नम्रपणे नकार दिला. ती हकिकत तारेनं बर्लिनला गेली, पंतप्रधान बिस्मार्कनं काटछाट करून ती अपमानास्पद वाटेल अशी छापवली, आणि सहा दिवसांत युद्ध. त्या जागी जमिनीत एक दगड बसवलाय, त्यावर फक्त तारीख आणि वेळ. लोक त्यावरून आइस्क्रीम खात जातात. झऱ्याचं पाणी कोमट आणि खारट, एक घोट पुरे.

शेवटी लानश्टाइन. लान ऱ्हाइनला मिळते तिथं अगदी टोकाला संत योहानिसचं रोमनेस्क चर्च आहे, बाराव्या शतकातलं. समोर ऱ्हाइनच्या पलीकडे श्टोल्झेनफेल्सचा किल्ला. तो बघून मामा म्हणाले, "हा खरा दिसत नाही." बरोबरच. मूळ किल्ल्याचा पडका सांगाडा प्रशियाच्या राजपुत्रानं १८४२ पर्यंत हौसेनं पुन्हा बांधवून घेतला, परीकथेतल्यासारखा. गंमत म्हणजे त्याला पिवळसर गिलावा आहे.

कोब्लेन्झहून परतीच्या गाडीत जागा मिळताच मामांनी लिम्बुर्गचे फोटो जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, "बॉम जेजूला असाच गिलावा करावा काय?" ग्रुपवर दोन-तीन गोवेकर आहेत. फ्रँकफर्ट येईपर्यंत मामांनी खिडकीतून बाहेर बघितलं नाही.